सेकंद काटा असलेलं घड्याळ

तिला सगळे सिस्टरच म्हणत. हॉस्पिटलात म्हणत ते ठीक, पण बिल्डिंगमधले शेजारी, सकाळचा दूधवाला, नेहमीच्या बसचा कंडक्टर, एवढंच काय, घरी सासूबाईसुद्धा तिला सिस्टरच म्हणायच्या. सुरुवातीला त्यात थट्टा होती. "आल्या का आमच्या सिस्टर?" असं त्या आतल्या खोलीतून विचारायच्या. पुढे थट्टा झिजून गेली आणि नाव तेवढं राहिलं. नवरा होता तोवर तो तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारायचा. तो गेल्यापासून ते नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

बायकांच्या मेडिकल वॉर्डात तिची सगळी नोकरी गेली. आता वय झालं म्हणून तिला रात्रपाळी माफ केली होती. मैत्रिणी म्हणाल्या, सुटलीस बाई. ती नुसती हसली. त्याच सुमारास सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि हॉस्पिटलातली रात्रपाळी सुटली तशी घरातली लागली. सासूबाई वॉकर धरून चार पावलं टाकायच्या, पण पलंगावरून उठायला कुणीतरी हात द्यावा लागे. आणि म्हातारपणी बाथरूमची घाई काही दिवस-रात्र बघून येत नाही. "सिस्टर," अशी बारीक हाक आली की ही उठायची. दिवसा कामाला एक बाई होती, ती संध्याकाळी जायची. पुढचं सगळं हिच्याकडे.

तिच्या हातावर एक जुनं स्टीलचं घड्याळ होतं, नोकरी लागली तेव्हा वडिलांनी घेऊन दिलेलं. ते एके दिवशी बंद पडलं. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं, फुंकर मारली, आणि म्हणाला, "ह्याचे पार्ट येणं बंद झालंय. आठवण म्हणून ठेवा." आठवणीने नाडी मोजता येत नाही. वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ खांबाच्या मागे होतं. पेशंटचं मनगट धरून मान वळवली तरी त्याचा अर्धाच चेहरा दिसायचा.

मुलाच्या कानावर हे गेलं. मुलगा दूरच्या शहरात कंप्युटरवर काम करायचा, आईचा लाडका आणि आईची काळजी करणारा. आठवड्याच्या आत कुरियरने डबा आला. आत काळं, चौकोनी, गुळगुळीत घड्याळ. त्याने व्हिडिओ कॉल करून ते तिच्याकडून चालू करवून घेतलं. हे दाब, ते सरकव, आता परवानगी दे, आता पुन्हा परवानगी दे. तिने दिली. कशाकशाची दिली ते तिला कळलं नाही.

घड्याळ देखणं होतं, पण त्याच्या तऱ्हा फार. हात स्थिर ठेवला की ते काळोखात जायचं, आणि नाडी मोजताना हात स्थिरच लागतो. मग मनगटाला झटका द्यायचा. झटका दिला की वेळेऐवजी पावलं दिसायची. दुपारी सगळ्या सलाईन लावून झाल्या, सगळ्यांची गोळ्या-औषधं झाली, आणि ती पहिल्यांदा स्टुलावर टेकली की ते हातावर थरथरायचं: उठा, थोडं चाला! वॉर्डातल्या मावशींनी ते वाचून घेतलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "सिस्टर, हे मेट्रनबाईंनी पाठवलंय की काय?" तीही हसली. तोपर्यंत हसण्यासारखंच होतं.

मग एका सकाळी मुलाचा फोन आला. "आई, तू रात्री झोपत नाहीस."

"कोण म्हणतं?"

"घड्याळ म्हणतं. सगळं माझ्या फोनवर येतं. काल पाच वेळा उठलीस. परवा चार वेळा."

तिला बरंही वाटलं. एवढ्या लांब बसून कुणालातरी आपलं उठणं कळतंय. पण त्याच वेळी खिडकीचा पडदा लावायचा राहून गेल्यासारखं काहीतरी वाटलं.

"वयाने झोप कमीच होते रे," ती म्हणाली.

पण मुलगा आता आकडे घेऊन बोलू लागला होता, आणि आकड्यांशी वाद घालायला तिच्याकडे काही नव्हतं. त्याचे फोन वाढले. आज इतकीच झोप. आज ठोके जास्त. एका संध्याकाळी ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती म्हणून फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला होता. तो म्हणाला, "आई, असं चालणार नाही. कालही चार वेळा उठलीस, घड्याळात दिसलं मला. तू आजारी पडशील. आजीसाठी एखादी चांगली जागा बघू या. इकडे माझ्या ऑफिसजवळ एक आहे. चोवीस तास माणसं असतात, बाग आहे. मी जाऊन बघून आलो."

"बघून आलास?"

"नुसतं बघायला काय जातंय?"

तिने घाईघाईने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. पण आतल्या खोलीचं दार फुगलेलं होतं, ते कधीच पूर्ण लागत नसे. आतून काहीच आवाज आला नाही. नेहमी त्या वेळी सासूबाई रेडिओ लावायच्या. तोही लागला नाही.

त्या रात्री एकही हाक आली नाही. सिस्टर सकाळी गजर झाल्यावरच उठली आणि दचकली. अंग हलकं वाटत होतं आणि त्या हलकेपणाचीच भीती वाटली. ती आत गेली. सासूबाई डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडल्या होत्या. खोलीत जो वास होता तो तिच्या रोजच्या ओळखीचा, वॉर्डातला. चादर ओली होती, खालची गादीही.

"आई, हाक का नाही मारलीत?"

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"बरं वाटत नाहीये का? कुठे दुखतंय?"

"दुखत काही नाही," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "तू उठलीस की त्याला कळतं."

सासूबाई काही गरीब गाय नव्हत्या. तरुणपणी घरात मशीन टाकून त्यांनी शर्टांना काज-बटणं करून संसार ओढला होता, आणि कारखान्याच्या माणसाने माल परत पाठवला तर त्याच्या तोंडावर गठ्ठा फेकायला कमी केलं नव्हतं. ह्याच सुनेला पहिली दहा-बारा वर्षं त्यांनी कमी का बोल लावले होते? तीच बाई रात्रभर ओल्यात पडून राहिली, सुनेच्या हातातल्या घड्याळाच्या धाकाने.

वॉर्डात करते तसंच सिस्टरने सगळं केलं. कूस वळवली, अंग पुसलं, कोरडा गाउन घातला, चादर ओढून काढली, खाली प्लास्टिक टाकलं. मग मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. हात धुताना काढलेलं ते चौकोनी घड्याळ तिने पुन्हा हातात घातलं नाही. टेबलाच्या खणात ठेवलं आणि खण लावून टाकला.

दुपारी फोन आलाच. "आई, घड्याळ घातलं नाहीस का?"

"चार्जिंगला लावलंय."

"सकाळपासून?"

"विसरले रे. ड्यूटीवर आहे, ठेवते." नोकरीभर पेशंटच्या नातेवाइकांना खरं सांगत आलेली बाई, पोटच्या पोराशी घड्याळावरून खोटं बोलली. त्याचंच तिला दिवसभर वाईट वाटत राहिलं. पण खण काही तिच्याने उघडवला नाही.

आता घड्याळ तर हवंच होतं. असं, की जे वेळ सांगेल आणि बाकी तोंड बंद ठेवील. ड्यूटी सुटल्यावर ती मोठ्या काचांच्या दुकानात गेली. तिला काय हवंय ते अगदी पक्कं होतं: गोल पांढरी तबकडी, काळे आकडे, सेकंद काटा, साधा पट्टा, रोज पाण्याचे शिंतोडे उडाले तरी चालेल असं, आणि जन्मभर पुरेल असं नको, पण दर वर्षी बदलायलाही लागू नये. काउंटरवरच्या मुलीने तिच्यापुढे मखमलीवर एकेक नग मांडला. एकाची तबकडी शर्टाच्या बटणाएवढी. एकावर आकड्यांच्या जागी खडे. एकावर काहीच नाही, नुसती गुलाबी चकाकी.

"ह्यात सेकंद काटा?"

"लेडीजमध्ये शक्यतो नसतो, मॅडम."

"का बरं?"

मुलीला हा प्रश्न कुणी विचारला नसावा. ती जरा विचारात पडली. "नाजूक दिसत नाही ना," ती म्हणाली.

सिस्टरने आपल्या हातांकडे बघितलं. सारखं साबण-पाणी लागून सोललेली बोटं, नखं मुळापर्यंत कापलेली. तिने मुलीचे आभार मानले आणि बाहेर आली. अशीच ती आणखी दोन दुकानं फिरली. पाय भरून आले. घरी जाताना बसमध्ये उभ्यानेच तिचा डोळा लागला आणि कंडक्टरने "सिस्टर, तुमचा स्टॉप!" म्हणून उठवलं.

रविवारी नणंद आली. नणंद वयाने मोठी, म्हणून सिस्टर तिला ताई म्हणे. ताई दर रविवारी यायच्या, फळं आणायच्या, आईजवळ तासभर बसायच्या, उशी अशी नको तशी ठेव, सूप जरा पातळ कर, असं सांगून जायच्या. मनाने वाईट नव्हत्या. तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले, नवऱ्याचं वह्या-पेनांचं दुकान सांभाळायचं. ह्या सगळ्यात आईला घरी नेण्याचा विषय कधी निघाला नव्हता आणि निघू नये अशी सगळ्यांनी मिळून काळजी घेतली होती. पण खरेदी म्हटलं की ताईंचे गुडघे दुखायचे थांबत. भाजीवाल्यापासून फर्निचरवाल्यापर्यंत सगळे त्यांना वचकून असत.

"घड्याळ घ्यायचंय आणि एकटी फिरतेस? तुला तर कुणीही टोपी घालेल," त्या म्हणाल्या. "चल, कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझ्या ओळखीचं दुकान आहे." शेजारच्या काकूंना सासूबाईंजवळ बसवून दोघी निघाल्या.

दुकान अरुंद होतं. एक काचेचा काउंटर, मागे भिंतभर घड्याळं, कोपऱ्यात गिऱ्हाइकासाठी हात असलेली एक खुर्ची. चालवणारी तिशी-पस्तिशीची बाई होती, डोळ्याचं भिंग कपाळावर चढवलेलं. सिस्टरने काय हवंय ते सांगितलं तशी ती म्हणाली, "मग लेडीजचं बघूच नका. जेन्ट्समधला लहान साइज घ्या." आणि तिने तीन घड्याळं काढून ठेवली.

पहिलं आपोआप चावी भरणारं होतं. हात हलला की आतली चकती फिरते, सेल लागत नाही. सेकंद काटा तरंगत गेल्यासारखा फिरत होता. सिस्टरला ते फार आवडलं. मनगटावर धरलं तेव्हा ताईंनीही "शोभतंय हं" म्हटलं.

"छान आहे," दुकानदारबाई म्हणाली, "पण दिवसाला थोडं पुढे-मागे होतं. सर्व्हिसिंग करावं लागतं. दोन दिवस काढून ठेवलंत तर बंद पडतं."

"म्हणजे ह्याचीही सेवा करायची," सिस्टर म्हणाली आणि ते अलगद खाली ठेवलं.

दुसऱ्यावर तारीख, वार, आणखी दोन छोट्या तबकड्या होत्या. ताईंना ते भारी वाटलं. "एवढ्याच पैशांत एवढं सगळं देतायत!"

"मला एवढं सगळं नकोय हो, ताई."

तिसरं सेलवर चालणारं. दुधी पांढरी तबकडी, बारीक काळे आकडे, पानासारखे निमुळते काटे, वर काही लिहायचं म्हणून कंपनीचं नाव तेवढं, तेही लहान. अशी घड्याळं तिच्या वडिलांच्या वयाचे लोक घालायचे आणि अजूनही ती जुनी दिसत नव्हती. दुकानदारबाईने मागची बाजू दाखवली: झाकण फिरकीचं, स्टील वरून-खालून सारखं, मुलामा नाही. पट्टा नेहमीच्या मापाचा, कुठेही मिळेल. "काच साधी आहे, चरे पडतील. पण बदलायला स्वस्त. आणि सेकंद काटा बघा, बरोबर रेघेवर पडतोय. स्वस्तातल्यात तो रेघांच्या मधेच कुठेतरी पडतो."

"ताई, हात द्या," ते घड्याळ मनगटावर बांधत सिस्टर म्हणाली.

"माझा? कशाला?"

तिने ताईंचं मनगट धरलं, आपला घड्याळाचा हात समोर आणला आणि मोजू लागली. मान वळवायला लागली नाही, झटका द्यायला लागला नाही. काटा टकटक चालत राहिला आणि बोटांखाली नाडी चालत राहिली.

"काय गं? बरी आहे ना मी?" ताईंनी घाबरून विचारलं.

"घोड्यासारख्या ठणठणीत आहात. हेच द्या," ती दुकानदारबाईला म्हणाली.

चामड्याचा पट्टा रोजच्या पाण्याने कुजेल म्हणून स्टीलचा लावायचं ठरलं. त्याच्या कड्या काढून तो मनगटाएवढा करायला थोडा वेळ लागणार होता. ताई किमतीचं बोलायला काउंटरवर सरसावल्या. सिस्टर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली.

जागी झाली तेव्हा तिला आपण कुठे आहोत तेच कळेना. समोर भिंतभर घड्याळं होती आणि सगळ्यांत दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. दुकानात विकायची घड्याळं अशीच लावून ठेवतात हे लक्षात यायला तिला क्षणभर लागलं. बाहेर दिवे लागले होते. तिच्या गुडघ्यांवर ताईंची शाल होती. ताई काउंटरपाशी एका उंच स्टुलावर, गुडघे अवघडलेले, तिची पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"अगंबाई! मला उठवायचं नाही का? किती वेळ झाला?"

"दोन गिऱ्हाइकं येऊन गेली," दुकानदारबाई हळूच म्हणाली. "आम्ही त्यांना हळू बोलायला सांगितलं."

किमतीत ताईंनी फार काही कमी करून घेतलं नव्हतं, हे पुढे पावती बघितल्यावर समजलं. रस्त्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, "तुझा मुलगा फोन करत होता. मी उचलला. म्हणाला, आई कुठाय? म्हटलं, झोपलीय. म्हणाला, कुठे? म्हटलं, घड्याळाच्या दुकानात, खुर्चीत, तोंड उघडं टाकून." थोडं चालून त्यांनी विचारलं, "जागेचं काय म्हणत होता तो? बाग आहे, कायकाय सांगत होता."

मग सिस्टरने चालता चालता सगळं सांगितलं. खणातल्या घड्याळाचं, आणि त्या ओल्या गादीचं. सांगताना तिचा आवाज चढला नाही की भरून आला नाही. चढायला अंगात त्राण लागतं.

ताई मधेच थांबल्या. "माझी आई रात्रभर ओल्यात पडून राहिली आणि मला तू सांगितलं नाहीस?"

"तुम्ही उशीबद्दल विचारलंत, सूपबद्दल विचारलंत. रात्रीचं कधी विचारलं नाहीत, ताई."

तिला वाटलं, आता झालं, आता ताई रागावून रिक्षा करून निघून जातील. ताईंचं तोंड लाल झालंही होतं. पण त्या बसस्टॉपपर्यंत तशाच चालत राहिल्या, एक पाय किंचित ओढत.

"गुरुवारी आणि शुक्रवारी मी येत जाईन रात्रीला," त्या बस येताना दिसल्यावर म्हणाल्या. "दुकान ते सांभाळतील."

"तुमचे गुडघे..."

"गुडघे काय, तिकडेही दुखतात, इकडेही दुखतील."

मुलाशी बोलायचं राहिलं होतं. ते तिने दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत केलं, कपडे बदलायच्या खोलीत उभी राहून. "तुझं घड्याळ मी काढून ठेवलंय. चार्जिंगला नव्हतं," तिने आधी तेच सांगून टाकलं. "तुला काय हवं ते मला विचार. घड्याळाला विचारू नकोस."

"तुला विचारलं की तू बरी आहेस म्हणतेस," मुलगा म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

"आता नाही म्हणणार."

"मग सांग. कशी आहेस?"

ती जरा थांबली. सवय नव्हती. "पायांना सूज आहे," ती म्हणाली. "आणि फार झोप येते रे. आणि आजीला मी कुठे पाठवणार नाही, पण कधीकधी ती हाक मारते तेव्हा मला तिचा राग येतो. मग रागाचा राग येतो." मुलगा म्हणाला, पुढच्या महिन्यात सुट्टी टाकतो, आठवडाभर येतो, आजीच्या खोलीत मीच झोपेन. बागेचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. मनातून काढलं की नाही ते त्यालाच ठाऊक. नवीन घड्याळ वॉर्डात कामाला लागलं. मावशी म्हणाल्या, आता बरं पुरुषासारखं दिसतंय.

पहिल्या गुरुवारी सगळा बोजवाराच उडाला. ताई अशा घोरल्या की आईची हाक त्यांच्या कानापर्यंत गेलीच नाही. सिस्टरनेच उठून सासूबाईंना आधी नेऊन आणलं आणि मग ताईंना कुशीवर वळवलं. शुक्रवारी ताई खुर्चीतच बसून राहिल्या आणि सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी चहा पिताना म्हणाल्या, "हे तू रोज करतेस?" सिस्टरने दूध ओतता ओतता मान हलवली. पुढच्या गुरुवारी ताई उजेडातच आल्या, पिशवीत स्वतःची उशी घेऊन.

त्या संध्याकाळी सिस्टर ड्यूटीवरून आली, हात-पाय धुतले आणि दिवे लागायच्या आधीच बाहेरच्या खोलीत आडवी झाली. फुगलेल्या दारातून मायलेकींचं भांडण ऐकू येत होतं.

"अगं, वॉकर आधी पुढे घे, मग पाय!"

"मला शिकवू नकोस. सिस्टर आधी पाठीला हात देते."

"मी सिस्टर नाहीये, आई."

"ते दिसतंयच."

काहीतरी लाकडावर आपटलं. सिस्टरचे डोळे उघडले. हात उशीला टेकून ती अर्धवट उठलीही. आतून ताईंचा "धर, धर, पकडलं" असा आवाज आला, मग दोघींचं धापा टाकणं, आणि मग सासूबाईंचं खरखरीत हसू. कितीतरी दिवसांनी. सिस्टर तशीच थोडा वेळ कोपरावर रेलून राहिली. मग तिने पांघरूण कानापर्यंत ओढलं आणि भिंतीकडे कूस वळवली.